समेवर भेटू, २६४० साली

५ फेब्रुवारी २०२४ रोजी जर्मनीतल्या हालबरश्टाट या गावी एका जुन्या चर्चमध्ये माणसं जमली. कॅमेरे आले, वार्ताहर आले. तिथल्या लहानशा ऑर्गनला आणखी एक नळी बसवण्यात आली, वाजत असलेल्या सुरांत एक नवा सूर मिसळला आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. झालं. मात्र कार्यक्रम संपला असं म्हणता येत नाही, कारण ते सूर थांबतच नाहीत. दार लावून माणसं घरी जातात तेव्हाही आत ऑर्गन वाजतच असतो. त्याआधीचा बदल झाला होता ५ फेब्रुवारी २०२२ ला. नंतरचा लिहून ठेवलाय ५ ऑगस्ट २०२६ ला. आणि मैफल संपणार २६४० साली. आकडा छापताना चुकलेला नाही.

मी एका सांस्कृतिक मंडळाचा चिटणीस आहे. त्यामुळे कुठल्याही कार्यक्रमाचं नाव काढलं की कलाबिला नंतर, आधी मला प्रश्न पडतो तो हॉल किती वाजता रिकामा करून द्यायचाय हा. सहाशे एकोणचाळीस वर्षांसाठी जागा अडवणारे आयोजक पाहिल्यावर पोटात कालवाकालव झाली. अनामत किती घेतली असेल?

या सगळ्याच्या मुळाशी आहेत जॉन केज नावाचे अमेरिकन संगीतकार. १९५२ साली त्यांनी एक रचना केली, त्यात वादकानं पियानोसमोर बसायचं आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीच वाजवायचं नाही. १९५९ साली इटलीतल्या टीव्हीवर अळंब्यांवरच्या प्रश्नांची उत्तरं देऊन त्यांनी मोठं बक्षीस मिळवलं. अशा माणसाकडून आपण सरळ चालीची अपेक्षा ठेवत नाही. १९८५ साली त्यांनी पियानोसाठी एक रचना लिहिली आणि लय अशी दिली की 'जमेल तितकी संथ वाजवा.' तिथवर ठीक होतं. पियानोचा सूर किती ताणणार? तार हळूहळू आपणच गप्प होते. पण १९८७ साली त्यांनी तीच रचना ऑर्गनसाठी करून दिली आणि घोळ तिथे झाला. ऑर्गनमध्ये हवा येत राहिली तर सूर मरतच नाही. मग संथ म्हणजे किती संथ? ज्या वादकासाठी ती लिहिली, त्यांनी ती अर्ध्या तासात आटोपली आणि ते आपल्या कामाला लागले. व्यवहारी माणूस.

पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ट्रॉसिंगन या गावी परिसंवाद भरला. ऑर्गनवादक होते, संगीताचे अभ्यासक होते, तत्त्वज्ञही होते. त्या एका प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरवला. वाजवणारी माणसंच तिथे असती तर 'तास-दीड तास बास' यावर बैठक उठली असती. पण तत्त्वज्ञांना बोलावलं की असं होतं. निष्कर्ष निघाला की ऑर्गन टिकेल तोवर रचना वाजू शकते. आणि ऑर्गन नीट राखला तर तो न टिकायला काही कारण नाही. केज स्वतः १९९२ साली गेले होते, त्यामुळे 'अहो, मी आपलं सहज लिहिलं होतं' असं म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

६३९ हा आकडाही कुणी डोळे मिटून काढलेला नाही. १३६१ साली याच हालबरश्टाटच्या कॅथेड्रलमध्ये निकोलाउस फाबर नावाच्या कारागिरानं एक ऑर्गन बांधला होता. आजच्यासारखी बारा सुरांची पट्टी असलेला तो पहिला, असं मानतात. १३६१ पासून २००० पर्यंत ६३९ वर्षं झाली. तर मग पुढेही तेवढीच वाजवू, असा साधा हिशेब. साधा म्हणजे जर्मन साधा. ठरलं होतं २००० साली सुरू करायचं, पण पैसे जमले नाहीत. त्यामुळे ही शतकानुशतकांची मैफल पहिल्याच पावलाला वर्षभर उशिरा निघाली. हे वाचल्यापासून मला ही माणसं आपली वाटायला लागली.

५ सप्टेंबर २००१ रोजी, केज यांच्या ८९ व्या जयंतीला, थाटात प्रारंभ झाला. आणि काहीही वाजलं नाही. कारण कागदावर सुरुवातीलाच विराम लिहिलेला आहे. अर्ध्या तासाच्या वादनात तो श्वास घेण्याइतका असतो. ६३९ वर्षांच्या मापानं तो सतरा महिन्यांचा झाला. सतरा महिने फक्त भात्याच्या हवेचा आवाज. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय आणि 'फार वेळ घेणार नाही' असं सांगून घेतलेला वेळ, यांतून वाट काढत पहिल्या सुरापाशी पोचायला आपल्याकडेही सतरा महिने लागल्यासारखे वाटतात. तिथे खरोखर लागले. पहिला सूर उमटला तो ५ फेब्रुवारी २००३ ला. तोवर त्या सुरांच्या नळ्याही बसवलेल्या नव्हत्या. लागणारच नाहीत तर घाई कशाला? नळ्या गरजेप्रमाणे बसवतात, गरज संपली की काढतात. हे धोरण आमच्या मंडळाच्या खुर्च्यांबाबत मी गेली कित्येक वर्षं मांडतोय.

आमच्या इमारतीत एक पेटीमास्तर राहतात. संगीत नाटकांना पायानं भाता मारत ऑर्गनवर साथ केलेला माणूस. त्यांना मी हे सगळं सांगितलं. मास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला.

"भाता कोण मारतं?"

"विजेवर चालतो."

"आणि पट्टीवर बोटं?"

"बोटं नाहीत. वाळूच्या पिशव्या लटकवल्यात. त्या सूर दाबून धरतात."

मास्तर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे साथीदाराला बिदागी नको, गाडीभाडं नको, मध्येच चहा नको. आयोजकांना शेवटी हवा तसा वादक मिळाला म्हणा की."

मी तो विषय तिथेच सोडला. मागच्या कार्यक्रमाची बिदागी अजून द्यायची राहिलीय.

"वाजवतात तरी काय?" मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, षड्ज आणि त्याला अगदी चिकटून कोमल रिषभ असे शेजारचे सूर एकाच वेळी दाबून ठेवलेत, वर्षानुवर्षं. मास्तर म्हणाले, "माझा एक विद्यार्थी असंच वाजवायचा. मी त्याला तबल्याच्या क्लासला पाठवला."

मास्तरांचा राग समजण्याजोगा आहे, पण या प्रकरणात आपला हात अजिबातच नाही असंही म्हणता येणार नाही. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. त्या पखवाज वाजवत. केज यांनी त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवलं आणि त्यांनी केज यांना आपलं. संगीत कशासाठी, असा प्रश्न केज यांना त्या काळात फार छळत होता. गीताबेननी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन शांत आणि निवळ व्हावं, म्हणजे वरून काही येणार असेल तर त्याला वाट मिळते. केज यांनी हे उत्तर जन्मभर जपलं. मन निवळायला ६३९ वर्षं लागतील हा अंदाज मात्र जर्मनांचा.

आता जागेविषयी. प्रायोगिक म्हटलं की जागा कधी धड मिळत नाही, हा जगभरचा रिवाज आहे. स्टॉकहाउझन नावाच्या संगीतकारांनी १९९५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये चार वादकांना चार हेलिकॉप्टरांत बसवून आकाशात तंतुवाद्यं वाजवायला लावली होती. आपली प्रायोगिक रंगभूमी वाढली ती दादरच्या छबिलदास शाळेत. तिथे निदान दिवसा मुलं शिकत होती. हालबरश्टाटचं हे संत बुर्खार्डी चर्च मुळात जोगिणींच्या मठाचं. १८१० साली मठ बंद झाला. त्यानंतर तिथे कधी धान्य साठवलं, कधी दारू गाळली आणि पूर्व जर्मनीच्या काळात डुकरं ठेवली. गाव प्रसिद्ध आहे डबाबंद सॉसेजसाठी. १८९६ पासून ते तिथे बनतात. म्हणजे डुकरांचं आणि गावाचं नातं जुनं. एखादी गोष्ट न नासता दीर्घकाळ टिकवायची कशी, यावर या गावानं आधीच विचार करून ठेवलेला होता.

दगडी भिंती, मातीची जमीन, आत बाकं नाहीत की रंगमंच नाही. आवाज मात्र घुमतो. इतका घुमला की शेजाऱ्यांनी तक्रार केली. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. प्रयोग कितीही जागतिक असो, शेजारी स्थानिकच असतो. आपल्याकडे रात्री दहाचा नियम आहे आणि त्यापायी रात्र रात्र चालणाऱ्या बैठकी इतिहासजमा झाल्या. सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा त्यातून सुटला नाही. पण दहाला बंद करा असं सांगण्यात निदान उद्या सकाळची आशा असते. ज्या शेजाऱ्याला कळलंय की हे आता २६४० सालीच बंद होणार, त्याच्या मनाची अवस्था काय होत असेल? शेवटी ऑर्गनवर पारदर्शक पेटी ठेवून आवाज कोंडला. बदलाच्या दिवशी ती काढतात. दोन्ही बाजूंना थोडं थोडं नाराज ठेवणारा हा तोडगा पाहून मी ओळखलं की तिथेही कुणीतरी कसलेला चिटणीस आहे.

माझ्या मते या मैफलीतली खरी कला इथेच आहे. सूर काय, हवा आणि वाळू मिळाली की लागतो. समिती ६३९ वर्षं टिकवून दाखवा! आमचं मंडळ शामियान्याच्या बिलावरून फुटलं. मग एक झालं, आणि कोजागिरीच्या दुधात केशर होतं की खाण्याचा रंग यावरून परत फुटलं. चिटणिसाची मुदत तीन वर्षांची धरली तर या मैफलीला २१३ चिटणीस लागतील. २१३ वेळा कपाटाची किल्ली एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार. २१३ जण मागचा हिशेब लागत नाही असं म्हणणार. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा भरवण्याचे प्रसंग तर मोजायलाच नकोत. आणि प्रत्येक मावळता चिटणीस कट्ट्यावर बसून सांगणार, "आमच्या वेळेला सूर वेगळाच होता." गंमत म्हणजे ते खरं असणार.

पैशांची ओढाताण तिथेही कायमची आहे. ही मैफल सरकार चालवत नाही. एक छोटी संस्था आणि काही हौशी माणसं देणग्यांवर रेटतात. देणगीसाठी त्यांनी शोधलेली युक्ती आमच्या मंडळात कुणाला सुचली नव्हती याचं वाईट वाटतं. ते वर्षं विकतात. हजार-बाराशे युरो द्या, ६३९ पैकी तुमच्या आवडीचं एक वर्ष घ्या, त्या वर्षाची पाटी तुमच्या मजकुरासह चर्चच्या भिंतीवर लागते. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहून घेणारा आपला देणगीदार इथे एका क्षणात रमेल. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, ही त्याची पिढीजात तक्रारही इथे मिटते.

६३९ वर्षं म्हणजे किती, हे आकड्यावरून डोक्यात शिरत नाही. उलट्या दिशेनं मोजून बघा. २००१ मधून ६३९ गेले की उरतं १३६२. नामदेवांना जाऊन बारा वर्षं झालीत, बहमनी राज्य पंधरा वर्षांचं आहे, शिवाजी महाराज जन्मायला अजून २६८ वर्षं आहेत. तेव्हा कुणी 'आपण सुरू करू, बाकी पुढचे बघतील' म्हणून बैठक मांडली असती, तर निजामशाही, आदिलशाही, पेशवाई आणि इंग्रज यांच्यातून ती सुखरूप चालत आपल्यापर्यंत यायला हवी होती. मध्ये कुणीतरी वाळू पळवली असती, नाही तर नळ्यांच्या तोफा ओतल्या असत्या.

हे मी मास्तरांना ऐकवलं. मला वाटलं आता तरी ते प्रभावित होतील. मास्तर म्हणाले, "त्यात काय? सप्ताहात वीणा कुठे खाली टेकते?"

बोलणं बरोबर होतं. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीला लागू द्यायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, रात्रंदिवस. देवळाच्या भिंतीवर पहाऱ्यांची यादी लागते. त्यात मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्यांना कुणाची नावं पडली यावरून गावातलं राजकारण वाचता येतं. जर्मनांना सूर अखंड ठेवायचा तर ते वाळूची पिशवी शोधतात. आपण पहाटे तीनला झोपेतून उठवता येईल असा कुणाचातरी भाचा शोधतो. वाळू रुसत नाही, तिला डुलकी येत नाही, ती यादीतलं आपलं नाव वर का नाही असं विचारत नाही. पण भाचा मोठा झाल्यावर आपल्या भाच्याला उठवतो, आणि वाळू ते करत नाही. या मुद्द्यावर मी अजून मास्तरांच्या बाजूनं आहे.

ऐकणाऱ्यांचंही बघायला हवं. एकदा सूर लागले की किती काळ तसेच राहतात? ५ ऑक्टोबर २०१३ ला जे लागले ते ५ सप्टेंबर २०२० पर्यंत हललेच नाहीत. जवळजवळ सात वर्षं! त्या एका स्वरसंगतीत आपल्याकडे पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, रांगा लागल्या, दोन हजारची गुलाबी नोट आली, जीएसटी आला, करोना आला. २०२० च्या बदलाला माणसं तोंडाला मास्क लावून अंतर राखून उभी राहिली. मग २०२२ ला सूर बदलला, आणि २०२३ ला गुलाबी नोट मागे घ्यायची घोषणा झाली. म्हणजे रिझर्व्ह बँकेची एक अख्खी नोट आली आणि गेली, तेवढ्यात या मैफलीत दोन बदल झाले. घाई कुणाची चालली आहे, याचा विचार व्हायला हवा.

बदलाच्या दिवशी शेकडो रसिक लोटतात, दूरदेशांहून येतात. एरवीच्या दिवशी तुरळक प्रवासी. येतात, थोडा वेळ उभे राहतात, भिंतीवरच्या पाट्या वाचतात, जातात. मैफल पुरती ऐकलेला माणूस जगात नाही आणि होणारही नाही. समीक्षकांची त्यामुळे फार सोय झालीय. थोडंसं ऐकून ठाम मत देणं इथे दोष मानता येत नाही. उशिरा आलेल्याला कुणी डोळे वटारत नाही आणि मधूनच उठून गेलेल्याला कुणी अरसिक म्हणत नाही. कलावंताला काय वाटेल ही धास्तीही नाही, वाळूच ती. इतकी मोकळीक मी कुठल्याही शास्त्रीय मैफलीत पाहिलेली नाही. मला तर हा प्रकार मनापासून आवडलाय.

रचनेचे भाग आठ आहेत. पण त्यातला एक भाग परत वाजवायची मुभा आहे आणि इथे ती घेतलीय, म्हणून होतात नऊ. प्रत्येकाला ७१ वर्षं. पहिला भाग २०७२ ला संपेल. मास्तरांना या सगळ्यात पटलेली गोष्ट एवढी एकच. ते म्हणाले, "म्हणजे एक वन्स मोअर आधीच मंजूर आहे. हे बरं केलं." संगीत नाटकाच्या प्रेक्षकांनी एकेक पद तीन-तीनदा घेऊन पहाट केलेली त्यांनी पाहिली आहे. वन्स मोअर मागायला काही पैसे पडत नाहीत, आणि आपला माणूस फुकट मिळणारी गोष्ट सोडत नाही, हा त्यांचा अनुभव.

समारोपाची तिकिटं विकायला निघाली आहेत. किंमत २६४० युरो, म्हणजे वर्षाला एक युरो, येशू ख्रिस्तापासून धरून. वापरणारे आपण नसणार हे उघड आहे, तेव्हा घेणार असाल तर मृत्युपत्रात नोंद करा आणि तिकीट कुठे ठेवलंय ते घरात किमान दोघांना सांगून ठेवा. आणि २१३ व्या चिटणीस महाशयांना माझी कळकळीची विनंती आहे: २६४० साली शेवटचा सूर थांबल्यावर मागच्या रांगेतून मराठीत 'वन्स मोअर' असा आवाज आला, तर तिकडे बघू नका. हॉल रिकामा करायला घ्या.